यंत्रमानव स्पर्धांचे नियम आणि गुणांकन

यंत्रमानव स्पर्धांचे नियम आणि गुणांकन म्हणजे विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव (रोबोट) स्पर्धेतील खेळ कसा खेळावा, कोणत्या कृतीला किती गुण द्यावेत, कोणत्या चुकीला दंड असावा आणि विजेता कसा ठरवावा यांविषयीच्या तरतुदी होत. मैदानी खेळांचे नियम दीर्घकाळ जवळपास तेच राहतात; यंत्रमानव स्पर्धांमध्ये मात्र बहुधा दरवर्षी नवा खेळ मांडला जातो. त्यामुळे दरवर्षी नवी नियमपुस्तिका आणि नवे गुणांकन तयार करावे लागते. नियमपुस्तिका हाती आल्यावर विद्यार्थ्यांचे संघ तिच्यावरूनच आपल्या यंत्राची रचना ठरवतात. म्हणून एखाद्या कृतीचे गुण वाढविणे वा घटविणे याचा परिणाम केवळ निकालावर होत नाही, तर कोणते यंत्र बांधले जाईल यावरही होतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची (एबीयू) रोबोकॉन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ व २०१४ अशी दोनदा पुण्यात भरली. दहीहंडी व लगोरी या मराठी मुलखातील परिचित खेळांवर अनुक्रमे २००८ व २०२२ च्या रोबोकॉनचे खेळ बेतलेले होते.

## पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या यंत्रांची एका ठरलेल्या खेळात स्पर्धा लावण्याची कल्पना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या यंत्ररचना अभ्यासक्रमातून पुढे आली. १९७० च्या दशकात तेथील प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी लेखी परीक्षेपेक्षा प्रत्यक्ष यंत्र बांधण्यावर आणि वर्गातील स्पर्धेवर भर दिला. जपानमध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी ही पद्धत रुजवली. १९८८ पासून एनएचके ही जपानी प्रसारण संस्था तंत्रमहाविद्यालयांसाठी दूरचित्रवाणीवर रोबोकॉन स्पर्धा घेऊ लागली. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये तिची शालेय यंत्रमानव स्पर्धा सुरू झाली.

एबीयू रोबोकॉनची पहिली स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत झाली. या स्पर्धेत सहभागी देशांपैकी प्रत्येकाचा एक संघ उतरतो. यजमान देशाला दोन संघ उतरविता येतात. भारतात राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या सहभागाने घेतली जाते. पुण्यातील महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने अनेक वर्षे राष्ट्रीय फेरीचे आयोजन केले आणि ती बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात भरत असे. पुढे राष्ट्रीय फेरी दिल्लीत होऊ लागली.

## नियमपुस्तिकेची रचना

बहुतेक स्पर्धांच्या नियमपुस्तिकेत पुढील भाग असतात.

* मैदान – लांबी-रुंदी, रंग, रेषा, अडथळे व त्यांची मापे. मापांत किती फरक चालेल हेही नमूद केलेले असते.
* यंत्रावरील मर्यादा – संख्या, वजन, आकारमान, विद्युतदाब आणि हवेचा दाब. यंत्र चालकाने चालवायचे की ते स्वयंचलित असावे, हेही येथेच ठरते.
* खेळाचा क्रम – कोणते काम आधी व कोणते नंतर, तसेच एक काम पूर्ण झाल्याशिवाय दुसरे करता येते की नाही.
* गुण व दंड – प्रत्येक कामाचे गुण, नियमभंगाचे परिणाम आणि बाद ठरविण्याची कारणे.
* बरोबरी सोडविण्याची पद्धत – गुण समान झाल्यास विजेता ठरविण्याचे निकष.
* पंचांचे अधिकार – पुस्तिकेत उल्लेख नसलेल्या प्रसंगी निर्णय कोणाचा राहील याची तरतूद.

रोबोकॉनमध्ये यजमान प्रसारण संस्था खेळाची कल्पना व नियमपुस्तिका मांडते. पुस्तिका प्रसिद्ध झाल्यावर संघांकडून शंका मागवल्या जातात आणि त्यांची उत्तरे सर्वांसाठी एकत्र प्रसिद्ध केली जातात. ही उत्तरे नियमांचाच भाग मानली जातात. अडकलेले यंत्र ठरलेल्या जागी परत नेऊन काम नव्याने सुरू करण्याची मुभा, म्हणजे 'पुनःप्रयत्न', हे रोबोकॉनच्या नियमांचे एक वैशिष्ट्य आहे. तीन मिनिटांच्या सामन्यात एक तार निसटली म्हणून वर्षभराची मेहनत वाया जाऊ नये, हा तिचा उपयोग. मात्र घड्याळ थांबत नसल्याने गेलेला वेळ हाच दंड ठरतो.

## पारंपरिक खेळांचे रूपांतर

रोबोकॉनचा यजमान देश बहुधा आपल्या संस्कृतीतील एखादी कथा, सण वा खेळ निवडतो. माणसांच्या खेळातील अनेक गोष्टी लिहून ठेवलेल्या नसतात. त्या खेळणाऱ्यांना ठाऊक असतात आणि वाद झाल्यास तेथेच मिटतात. यंत्रमानवांसाठी खेळ रचताना अशी प्रत्येक गोष्ट मापात, सेकंदांत व गुणांत मांडावी लागते.

### गोविंदा (२००८)

ऑगस्ट २००८ मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेचा विषय दहीहंडीवर आधारलेला होता. गोपाळकाल्याच्या दिवशी गोविंदा पथके मानवी मनोरे रचून उंच टांगलेली हंडी फोडतात. स्पर्धेच्या खेळात हंडी फोडण्याऐवजी उंचावरील मटक्यांतून लोण्याचे ठोकळे काढणे हे मुख्य काम ठेवण्यात आले. हंडी फुटणे हा क्षण नेत्रदीपक असला, तरी प्रत्येक सामन्यात तो अगदी सारखा घडवून आणणे अवघड असते; ठोकळा मात्र पुन्हा मटक्यात ठेवता येतो आणि तो कोणी काढला हे स्पष्ट दिसते. निर्विवाद विजय मिळविणाऱ्या संघास 'गोविंदा' म्हटले जाई. ही स्पर्धा चीनच्या शिआन च्याओतोंग विद्यापीठाने जिंकली.

### पालकत्वाला सलाम (२०१४)

ऑगस्ट २०१४ मध्ये पुण्यात दुसऱ्यांदा झालेल्या स्पर्धेत प्रत्येक संघाचे दोन यंत्रमानव होते : एक 'पालक' आणि दुसरा 'बालक'. बालकाने पालकाच्या मदतीने बागेतील सी-सॉ, खांबांवरून चालणे, झोपाळा व जंगल-जिम हे खेळ पूर्ण करायचे होते. जंगल-जिम हे अखेरचे काम होते. त्याच्या माथ्यावर पोहोचून बालकाने झेंडा उंचावल्यावर 'शाबास' हा निर्विवाद विजय मिळत असे. कामांचा क्रम ठरवून दिल्यामुळे केवळ अखेरच्या कामासाठी बांधलेले यंत्र निरुपयोगी ठरले. उचलणे, तोल सांभाळणे व चढणे या तिन्ही क्षमता प्रत्येक संघाला साधाव्या लागल्या. व्हिएतनामचे लाक होंग विद्यापीठ या स्पर्धेत विजेते ठरले.

### लगोरी (२०२२)

ऑगस्ट २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या स्पर्धेचा विषय लगोरी हा होता. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हा खेळ लगोरी किंवा लिंगोरचा या नावांनी ओळखला जातो. चपटे दगड वा खापऱ्या एकावर एक रचून चेंडूने ती उतरंड पाडायची आणि प्रतिपक्षाचा चेंडू लागण्यापूर्वी ती पुन्हा रचायची, हे त्याचे स्वरूप आहे. यंत्रमानवांसाठी या खेळात पुढील बदल दिसतात.

* प्रचलित खेळात सामान्यतः सात दगड असतात. स्पर्धेत पाच चकत्यांची उतरंड ठेवण्यात आली.
* चेंडू अंगाला 'लागला की नाही' हा अंगणातील नेहमीचा वाद टाळण्यासाठी उतरंड रचणाऱ्या यंत्रमानवाच्या माथ्यावर एक चेंडू ठेवण्यात आला. प्रतिस्पर्ध्याने फेकलेल्या चेंडूने तो खाली पडला, तरच नेम लागला असे धरले जाई. पडलेला चेंडू पंचाला, प्रेक्षकांना व कॅमेऱ्याला सारखाच दिसतो.
* सामन्याच्या दोन फेऱ्या ठेवून एका फेरीत रचणारा संघ दुसऱ्या फेरीत मारणारा करण्यात आला. दोन भूमिकांपैकी एक सोपी असली, तरी तिचा लाभ दोन्ही संघांना मिळतो.
* प्रत्येक संघाची कामे दोन यंत्रमानवांत वाटण्यात आली.

माथ्यावरील चेंडूच्या तरतुदीचा रचनेवरही परिणाम झाला. वेगाने वळणारे वा धक्के देत चालणारे यंत्र चेंडू सांभाळू शकत नाही. त्यामुळे वेगासोबत संथ, समतोल हालचालीलाही महत्त्व आले.

## गुणांकनाच्या पद्धती

### निर्विवाद विजय

ठरावीक कठीण कामगिरी पूर्ण करणारा संघ गुणसंख्या काहीही असली तरी तत्क्षणी विजयी ठरतो. रोबोकॉनमध्ये ही तरतूद वारंवार आढळते आणि त्या विजयाला बहुधा यजमान देशाच्या भाषेतील नाव दिले जाते.

| वर्ष | यजमान | विजयाचे नाव | अट |
|---|---|---|---|
| २०१४ | पुणे, भारत | शाबास | सर्व कामांनंतर जंगल-जिमवर झेंडा उंचावणे |
| २०१६ | बँकॉक, थायलंड | चाय-यो | पवनचक्कीचे पाते खांबावर नेऊन बसविणे |
| २०१७ | टोकियो, जपान | आप्पारे | सातही ठिकाणी आपली चकती ठेवणे |
| २०१८ | निन्ह बिन्ह, व्हिएतनाम | रोंग बाय | सोनेरी चेंडू सोनेरी पेल्यात स्थिरावणे |
| २०१९ | उलानबातर, मंगोलिया | ऊखाई | चार पायांच्या यंत्रमानवाने शिखरावर गेरेगे (दूताचे मानचिन्ह) उंचावणे |
| २०२४ | क्वांग निन्ह, व्हिएतनाम | मुआ वांग | पाचांपैकी तीन कणग्या अटीप्रमाणे भरणे |

या तरतुदीमुळे पिछाडीवर पडलेल्या संघालाही अखेरच्या क्षणापर्यंत संधी राहते आणि प्रेक्षकांना सामन्याचे ध्येय एका वाक्यात समजते. स्पर्धा प्रसारण संस्थांची असल्याने या दुसऱ्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. अट मात्र काळजीपूर्वक ठरवावी लागते. ती फार सोपी असल्यास इतर सर्व गुण निरर्थक होतात. फार अवघड असल्यास ती कागदावरच राहते.

### कामांनुसार गुण

या पद्धतीत प्रत्येक कामाला निश्चित गुण असतात व त्यांची बेरीज केली जाते. अर्धवट कामालाही काही गुण मिळत असल्याने नवख्या संघांना ती अनुकूल असते. २०२४ च्या रोबोकॉनमध्ये भाताची रोपे लावणे, कापणी करणे व धान्य कणगीत भरणे असे टप्पे होते. त्यामुळे कणगीपर्यंत न पोहोचणाऱ्या संघाच्या खात्यावरही लावणीचे गुण जमा होत.

### वेळेवर आधारित सूत्र

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा (आयआयटी मुंबई) 'ई-यंत्र' हा उपक्रम केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने चालतो. त्याची राष्ट्रीय यंत्रमानव स्पर्धा २०१२ पासून होते. अशा स्पर्धांत अनेकदा एकाच सूत्रात वाचलेला वेळ, पूर्ण केलेली कामे, अधिक गुण व दंड एकत्र आणले जातात. सूत्राचा सर्वसाधारण आकार असा असतो : कमाल वेळेतून लागलेला वेळ वजा करून उरलेले सेकंद, अधिक कामांचे गुण, अधिक पूर्णतेचे बक्षीसगुण, वजा दंड.

अशा सूत्रात एक धोका असतो. काहीही न करता यंत्र लगेच थांबविले, तर वाचलेल्या वेळेचेच मोठे गुण मिळू शकतात. म्हणून किमान काही काम पूर्ण झाले असेल किंवा यंत्राने अखेरची खूण दिली असेल तरच वेळेचे गुण धरावेत, अशी अट घालणे आवश्यक ठरते.

### दंड आणि अचूकता

९ ते १६ वर्षे वयोगटासाठीच्या फर्स्ट लेगो लीग चॅलेंज स्पर्धेत अडीच मिनिटांची फेरी असते. संघाला आरंभी सहा 'अचूकता चकत्या' दिलेल्या असतात. यंत्र घराच्या क्षेत्राबाहेर असताना त्याला हात लावून व्यत्यय आणल्यास एक चकती काढून घेतली जाते. फेरीअखेर उरलेल्या चकत्यांचे गुण सरळ प्रमाणात नसतात : सहा किंवा पाच चकत्यांना ५०, चारला ३५, तीनला २५, दोनला १५ व एकीला १० गुण मिळतात.

या मांडणीनुसार पहिल्या चुकीला दंड नाही, दुसऱ्या चुकीची किंमत १५ गुण आहे आणि त्यानंतरची प्रत्येक चूक त्याहून स्वस्त आहे. पहिल्यांदा स्पर्धेत उतरलेल्या मुलांना एक चूक माफ होते आणि यंत्र बिघडल्यावरही हात लावून ते सोडविण्याचा मार्ग बंद होत नाही. मुलांकडून मिळविलेले गुण उणे करण्याऐवजी आधीच दिलेली चकती परत घेतली जाते. अधिकृत फेऱ्यांपैकी सर्वोत्तम फेरीचेच गुण धरले जातात, हीदेखील त्याच धोरणाशी सुसंगत तरतूद आहे.

## गुणांच्या प्रमाणाचा परिणाम

कोणत्या कामाला किती गुण द्यावेत हे ठरविताना त्या कामास लागणारा वेळ व यशाची शक्यता या दोन्ही गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

समजा, कापूस वेचणीवर आधारित एका खेळात खालच्या फांदीवरील बोंड वेचण्यास ६ सेकंद लागतात व त्याचे ५ गुण आहेत. शेंड्याजवळचे, पानाआड असलेले बोंड वेचण्यास ३० सेकंद लागतात व त्याचे २० गुण आहेत. वरवर पाहता वरचे बोंड चौपट मोलाचे वाटते. प्रत्यक्षात खालच्या बोंडातून दर सेकंदाला ०.८३ गुण, तर वरच्यातून ०.६७ गुण मिळतात. अशा स्थितीत विचारी संघ उंच हात असलेले यंत्र बांधणारच नाही. सर्व यंत्रे बुटकी व सारखी दिसू लागतील.

वरच्या बोंडाचे गुण ३० केल्यास दर सेकंदाला १ गुण पडतो आणि प्रश्न सुटला असे वाटते. परंतु अवघड काम दर वेळी साधत नाही. चारपैकी तीनच प्रयत्न यशस्वी होत असतील, तर सरासरी प्राप्ती २२.५ गुणांवर, म्हणजे दर सेकंदाला ०.७५ गुणांवर येते. ती अजूनही खालच्या बोंडापेक्षा कमी आहे. गुण ३५ केल्यावर ही सरासरी ०.८८ च्या आसपास जाते आणि दोन्ही प्रकारची यंत्रे बांधण्यास सबळ कारण मिळते. गुण आणखी वाढवून ६० केल्यास उलटा असमतोल निर्माण होतो : एकाच वरच्या बोंडावर सामना ठरतो आणि खालचे काम कोणी करत नाही.

दंडाचेही असेच आहे. वेचलेल्या कापसात पालापाचोळा आल्यास प्रत्यक्ष बाजारात त्याची प्रत व भाव घसरतो. खेळात पानासाठी दंड न ठेवल्यास संपूर्ण झाड ओरबाडणारे यंत्र जिंकू शकते. म्हणजेच स्पर्धेतून कोणते कौशल्य घडावे हे आयोजकांच्या प्रास्ताविकावरून ठरत नाही, ते गुणांच्या तक्त्यावरून ठरते.

## हंगामातील फेरबदल

नियमपुस्तिका प्रसिद्ध झाल्यावर तिच्यातील उणिवा संघांच्या लक्षात येऊ लागतात. अशा वेळी आयोजकांपुढे दोन पर्याय असतात : उणीव तशीच ठेवणे अथवा हंगामाच्या मध्ये नियम बदलणे.

याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेचा २०१० मधील 'ब्रेकअवे' हा खेळ. साखळी फेरीतील क्रमवारीसाठी विजेत्या गटास स्वतःच्या गुणांत पराभूत गटाच्या गुणांची दुप्पट मिळवून दिली जाई, तर पराभूत गटास विजेत्याचे गुण मिळत. चुरशीचे सामने व्हावेत आणि प्रतिस्पर्ध्यास पूर्णपणे निष्प्रभ करू नये, हा त्यामागील हेतू होता. दंड नसलेला सामना ५ विरुद्ध ४ असा सुटल्यास विजेत्यास १३ व पराभूतास ५ क्रमवारी-गुण मिळत. पण तोच सामना ९ विरुद्ध ० असा झाल्यास दोघांनाही ९ मिळत. पराभवाची खात्री असलेल्या गटाने स्वतःचे गोल करण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याच्याच खात्यात भर घालणे त्यामुळे अधिक लाभदायक ठरले. सहाही यंत्रमानवांनी एकाच बाजूने गोल करण्याची खेळी प्रत्यक्ष पुढे आल्यानंतर, विजेत्या गटास ५ अधिक क्रमवारी-गुण देण्याची दुरुस्ती हंगामातच करण्यात आली. त्यामुळे जिंकण्याला पुन्हा स्वतंत्र मोल आले.

दुसरा मार्ग म्हणजे बदलाची शक्यता आधीच नमूद करून ठेवणे. त्याच संस्थेच्या २०२४ मधील 'क्रेशेंडो' या खेळात ठरावीक संख्येने कड्या टाकल्यास क्रमवारीचा एक अधिक गुण मिळत असे. सुरुवातीस ही संख्या १८ होती; वरच्या पातळीवरील स्पर्धांसाठी ती वाढविण्यात आली. संघांचे कौशल्य हंगामात वाढते, त्यामुळे आरंभी अवघड असलेला उंबरठा अखेरीस सर्वांनाच सहज ओलांडता येतो. अशा वाढीची कल्पना संघांना आधीपासून असल्याने तिच्याविषयी तक्रारीस फारसा वाव राहत नाही.

फेरबदल करताना साधारणपणे पुढील भेद महत्त्वाचा मानला जातो. गुणांच्या आकड्यातील बदल संघाला डावपेच बदलून पेलता येतो. यंत्राचे वजन, आकार वा मैदानाची मापे यांतील बदलामुळे मात्र बांधून झालेले यंत्र मोडून पुन्हा बांधावे लागते. त्यासाठी लागणारा पैसा व वेळ प्रत्येक संघाकडे सारखा नसतो. म्हणून रचनेशी संबंधित नियम लवकर गोठविणे आणि आवश्यक तेवढाच बदल गुणांत करणे हा मार्ग कमी अन्यायकारक ठरतो.

## परभणी जिल्हा व मराठवाडा

परभणी जिल्ह्याचा यंत्रमानव तंत्रज्ञानाशी असलेला संबंध प्रामुख्याने शेतीच्या मार्गाने आलेला आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या आणि २०१३ मध्ये वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे नामांतर झालेल्या येथील विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय आहे. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत या विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांच्या साहाय्याने डिजिटल शेतीचे प्रशिक्षण देणारा प्रकल्प राबविण्यात आला. शालेय पातळीवर २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवप्रवर्तन अभियानातून देशभरातील निवडक शाळांना इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेसाठी कमाल २० लाख रुपयांचे अनुदान देण्याची योजना आहे.

शेतीवर आधारित यंत्रमानव खेळ इतरत्रही रूढ आहेत. अमेरिकेतील कृषी व जैविक अभियंत्यांची संस्था विद्यार्थ्यांसाठी शेतीकामांची नक्कल करणारी यंत्रमानव स्पर्धा घेते. २०२४ च्या रोबोकॉनचा भातशेतीचा विषयही याच जातीचा होता. कापूस, सोयाबीन व तूर ही परभणीच्या काळ्या जमिनीतील प्रमुख पिके असल्याने वेचणी, कोळपणी वा फवारणी यांवर बेतलेला खेळ येथील विद्यार्थ्यांना विषय समजावून न सांगता कळू शकतो.

राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिका जिल्हा पातळीवर जशीच्या तशी वापरताना काही अडचणी येतात. त्यांसाठी नियमांत पुढील तरतुदी उपयुक्त ठरतात.

* प्रकाश – रेषा ओळखणारे अवरक्त संवेदक सूर्यप्रकाशात चुकतात. उघड्या मंडपात सकाळच्या व दुपारच्या फेरीत एकच यंत्र निराळे वागू शकते. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी संवेदक जुळवून घेण्यासाठी निश्चित वेळ द्यावा लागतो.
* वीज – फेरी चालू असताना वीज गेल्यास फेरी रद्द करून पुन्हा घ्यायची की झालेले गुण धरायचे, हे आधी लिहिलेले असावे.
* सुटे भाग – मोठ्या शहरात तासाभरात मिळणारी मोटर तालुक्याच्या गावी मागवून घ्यावी लागते. ठरावीक भागांची समान पेटी सर्वांना देणे किंवा खर्चाची कमाल मर्यादा घालणे हे त्यावरील उपाय होत. ई-यंत्र स्पर्धेत निवड झालेल्या संघांना यंत्रमानव संच पुरविण्याची पद्धत याच प्रकारची आहे.
* मैदान – प्लायवूडच्या पाटांच्या सांध्यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. तो किती चालेल हे लिहून ठेवल्यास पराभवानंतरचे वाद टळतात.
* भाषा – इंग्रजी नियमपुस्तिकेचे मराठी भाषांतर दिल्यास वाद झाल्यावर कोणती प्रत प्रमाण मानावी हे स्पष्ट करावे लागते.

परभणीहून पुणे रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर अंतरावर आहे. इतक्या दूर यंत्र घेऊन जाणाऱ्या संघास केवळ एकच बाद फेरी खेळायला मिळाली, तर शिकण्याची संधी कमी होते. प्रत्येक संघाला किमान दोन-तीन सामने देणारी साखळी पद्धत हा गुणांकनाइतकाच महत्त्वाचा नियम ठरतो.

## टीका व मर्यादा

गुणांकनावर होणारी मुख्य टीका अशी की, आकड्यात मोजता येते तेवढ्यालाच महत्त्व येते. नीटनेटकी रचना, सहज दुरुस्त होणारे यंत्र, संघातील कामाची वाटणी वा अभिनव कल्पना यांना सामन्यात गुण नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी रोबोकॉनमध्ये उत्कृष्ट कल्पना, उत्कृष्ट अभियांत्रिकी व उत्कृष्ट रचना यांसाठी स्वतंत्र पारितोषिके दिली जातात. फर्स्ट लेगो लीगमध्ये यंत्रमानवाच्या खेळाबरोबरच यंत्राची रचना, नवकल्पना प्रकल्प व संघभावना यांचेही परीक्षण होते.

दुसरी टीका दरवर्षी बदलणाऱ्या खेळावर होते. नव्या खेळामुळे जुने यंत्र निरुपयोगी होते आणि खर्च पुन्हा करावा लागतो. याउलट, खेळ तोच ठेवल्यास अनुभवी संस्था आधीच्या यंत्रात किरकोळ सुधारणा करून पुढे राहतात व नव्या संघांना शिरकाव मिळत नाही. वार्षिक बदल कायम ठेवून मोटर, संवेदक व नियंत्रक यांचा पुनर्वापर करता येईल अशा मर्यादा घालणे, हा या दोन बाजूंमधील मार्ग आहे.

## हे सुद्धा पहा

* लगोरी
* दहीहंडी
* यंत्रमानव
* वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ